गच्चीवरचं पाणी, माळावरचं गवत

विद्यापीठांनी पर्यावरणासाठी काय करावं, असं विचारलं की सोलर बसवावं, झाडं लावावीत, हे सगळे सांगतातच. मला पाण्याबद्दल बोलायचंय. सोलापुरात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे १००० चौरस मीटरच्या एका गच्चीवर ५ लाख लिटर! थोडं वाया जाईल, तरी ४ लाख लिटर कुठं गेलं नाही. ते गटारात सोडायचं आणि एप्रिलमध्ये टँकर मागवायचा, हे मनाला फार लागतं. शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, करून ते बोअरच्या पुनर्भरणाला लावा, आधी हेच करा.

झाडांचं मात्र जपून. आपल्याकडचं माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे; सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी याच गवतावर जगला. इमारतींलगत सावलीला कडुनिंब लावा, तो कमी पाण्यावर तगतो. उरलेला माळ तसाच राखा.