प्रोस्टेट कॅन्सर हाडात उतरलाय, रात्रीचं दुखणं आवरत नाही

निपाणी_घर
यजमानांचा (वय 71) कॅन्सर कमरेच्या मणक्यात आणि उजव्या खुब्यात पसरलाय. हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे. दुखलं की ट्रॅमाडॉल 50 देतो, फारच झालं तर गावातले डॉक्टर डायक्लोफेनॅक टोचतात. रात्री 2 नंतर झोपच नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) 1.6. मोठ्या दवाखान्यात मॉर्फिन लिहून दिलंय, पण घरचे म्हणतात सवय लागेल. शेजारी हाडवैद्याकडे न्या म्हणायलेत.

उशाकडची_नर्स
ताई, "दुखलं की देतो" इथंच घोळ आहे. हे दुखणं चोवीस तासांचं, म्हणून औषधही घड्याळावर. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा अंमल साधारण 4 तास. नेहमीची पद्धत अशी: सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 ला दुप्पट, म्हणजे 2 वाजता उठावं लागत नाही. मधेच कळ आली तर दिवसाच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा भाग जादा. असे जादा डोस रोजच लागत असतील तर तारीख-वेळ वहीत लिहा, डॉक्टर त्यावरूनच मूळ मात्रा वाढवतात. अंघोळीला किंवा गाडीत बसवायच्या आधी अर्धा-पाऊण तास जादा डोस दिला तर हालचालीची कळ सोसवते.

पण 1.6 क्रिएटिनिनला मॉर्फिन अंगात साठतं. अशा वेळी मात्रा कमी आणि अंतर 6 ते 8 तासांचं ठेवतात. चिठ्ठी लिहिणाऱ्याला हा आकडा माहीत होता का, आधी विचारा. हातपाय झटके देऊ लागले, भास झाले, हाक मारून जागे होईनात, तर पुढचा डोस थांबवून लगेच दवाखाना. डायक्लोफेनॅक बंदच, मूत्रपिंड आणखी बिघडवतं. ट्रॅमाडॉल मॉर्फिनच्या जोडीला चालू ठेवायचं नसतं, तेही विचारून घ्या.

सवयीचं म्हणाल तर दुखण्यापुरत्या, लिहून दिलेल्या मात्रेत व्यसन क्वचितच. मात्र एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवतात. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत जाते. बद्धकोष्ठ जात नाही. पहिल्याच रात्रीपासून पोट साफ करणारी बिसाकोडिल किंवा सेनाची (सोनामुखी) गोळी. इसबगोल नको, पाणी कमी पडलं की त्याचा गोळा आतच बसतो.

किरण_विभाग
रेडिएशनचं कुणी बोललं का? दुखऱ्या हाडाला 8 ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचं माप) एकच शेक बहुतेकांना पुरतो, महिनाभर खेपा नकोत. पहिले दोन-चार दिवस दुखणं उलट वाढू शकतं, त्याला घाबरून "शेक बाधला" म्हणू नका. आराम यायला 2 ते 4 आठवडे लागतात, तोवर मॉर्फिन चालूच.

खुब्याचा एक्स-रे हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. हाड फार पोखरलं असेल तर मोडायच्या आधीच आत सळी घालतात. हाडवैद्याला हात लावू देऊ नका, तेल चोळणं-दाबणंही नाही. पोखरलेलं हाड तेवढ्यानं मोडतं. झोलेड्रॉनिक ॲसिड (हाडं सांभाळणारं इंजेक्शन) सुचवलं तर मात्रा क्रिएटिनिन बघूनच ठरते. किडलेला दात आधी काढून घ्या, नंतर काढला तर जबड्याचं हाड कुजू शकतं.

निपाणी_घर
मॉर्फिन इथल्या मेडिकलात मिळत नाही. शिवाय दोन दिवस झाले, पाय जड वाटतात म्हणतात.

उशाकडची_नर्स
गोळ्या राहू दे, आधी पाय! मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबत असेल. लघवी अडली का, मांड्यांच्या आत बधिर लागतंय का विचारा, पण उत्तर काहीही असो, आजच एमआरआय आणि रेडिएशन दोन्ही असलेल्या ठिकाणी न्या. तुम्हाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. निघायच्या आधी फोन करून "मणक्यात कॅन्सर, पायातली ताकद कमी" एवढंच सांगा. डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) ते लगेच सुरू करतात. पाय पूर्ण गेल्यावर परत येणं अवघड. आडवं झोपवून न्या, बाईकवर किंवा एसटीत नको. जुने स्कॅन, औषधांची वही सोबत.

मॉर्फिन मान्यताप्राप्त संस्थांतूनच मिळतं, 2014 ला अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून ही मान्यता देणं सोपं झालंय. कोल्हापूरच्या दवाखान्यातच पॅलिएटिव्ह (दुखणं-त्रास कमी करणाऱ्या) विभागात चौकशी करा, आणि आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या आणा.