अमाली डीट्रिखचं कौतुक करताना सांगाडे कुठे ठेवायचे?

आडवाट

व्हॉट्सॅपवर सध्या एक मजकूर फिरतोय. "नवऱ्याची साथ सुटलेली एक गरीब जर्मन बाई एकटी ऑस्ट्रेलियाच्या जंगलात दहा वर्षं फिरली, हजारो वनस्पती गोळा केल्या. अशा वाघिणीला सलाम!" खाली हात जोडलेल्यांची रांग. बाई म्हणजे अमाली डीट्रिख. माझं म्हणणं असं की या मजकुरात जे गाळलंय त्याने तो सगळाच खोटा होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १८२१, सॅक्सनीतलं झीबनलेन. वडील चामड्याचं काम करणारे. १८४६ मध्ये विल्हेल्म डीट्रिख या औषधविक्याशी लग्न. झाडं ओळखायची कशी, दाबायची कशी, नावं कशी लावायची हे तिला त्याने शिकवलं. पुढे हीच बाई कुत्रं जुंपलेली गाडी घेऊन नमुने गोळा करत आणि विकत पार हॉलंडपर्यंत पायी फिरली. लग्न मोडलं. १८६३ मध्ये हॅम्बुर्गचा जहाजमालक गोडफ्रॉय याने आपल्या संग्रहालयासाठी तिला पगारी संग्राहक म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडला धाडलं. ब्रिस्बेन, रॉकहॅम्प्टन, मकाय, बोवेन असं किनाऱ्याने वर सरकत तिने झाडं, पक्षी, साप, कोळी, जे मिळेल ते पाठवलं. १८७३ मध्ये परतली, १८९१ मध्ये गेली.

आता गाळलेला भाग. तिने पाठवलेल्या पेट्यांतून तिथल्या आदिवासींचे सांगाडे आणि कवट्याही हॅम्बुर्गला गेल्या. ही कुजबुज नाही, त्यावर वाद नाही. कुणाची तरी आई, कुणाचा तरी भाऊ पेटीत भरून पाठवणाऱ्या बाईला वाघीण म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी म्हणणार नाही.

काजवा

आणि त्या पेट्या मागवत कोण होतं? करार गोडफ्रॉयचा, जहाजं त्याची, संग्रहालय त्याचं. जाताना त्याच्या जहाजांतून वस्तीला निघालेले जर्मन जायचे. तिकडे सामोआत खोबऱ्याचा धंदा. जास्तीचे नमुने छापील किंमतपत्रक काढून इतर संग्रहालयांना विकले जायचे. १८७९ मध्ये दिवाळं वाजेपर्यंत हे चालू होतं. तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये त्या शेटजींना दीड वाक्य, आणि तिला मात्र आरोपीचा पिंजरा. आपल्याकडेही असंच होतं, मालक सुटतो आणि गडी सापडतो.

आडवाट

गडी कसली? मुक्काम कुठे करायचा, काय उचलायचं, काय सोडायचं हे जागेवर तीच ठरवत होती. हॅम्बुर्गहून पत्र यायला महिने लागायचे. तेवढी मोकळीक होती म्हणून तर तुम्ही तिचं कौतुक करता ना? मग हाडांच्या वेळी ती एकदम हुकमाची ताबेदार कशी होते?

काजवा

पोटासाठी करार केलेल्या बाईची मोकळीक पगार देणाऱ्याला काय हवंय तिथे संपते. एवढं तरी मान्य करा.

कांगारूंच्या_देशा

ब्रिस्बेनला राहते म्हणून लिहितेय. त्या काळचं क्वीन्सलंड डोळ्यासमोर आणा. वेगळी वसाहत झाली १८५९ मध्ये. मेंढपाळ गोरे आत आत घुसत होते आणि त्यांच्यापुढे 'नेटिव्ह पोलीस' नावाची सशस्त्र तुकडी जमीन मोकळी करत होती. १८६१ मध्ये कलिन-ला-रिंगो इथे आदिवासींनी १९ गोऱ्यांना मारलं, त्याचा सूड म्हणून त्यांच्याहून कितीतरी जास्त आदिवासी मारले गेले. दोन वर्षांत ही बाई ब्रिस्बेनला उतरली. अशा मुलखात सांगाडे 'मिळतात' म्हणजे काय होतं, हे विचारावंच लागेल. एका वसाहतकाराला तिने "एक माणूस मारून द्या, मला कातडी हवी" असं सांगितल्याची गोष्टही इथे ऐकू येते.

टाचण

इथे मात्र ब्रेक लावा. ती गोष्ट नंतरच्या सांगोवांगीवर उभी आहे. १९९० च्या दशकात ती वर्तमानपत्रांतून गाजली, पण त्या काळचा एकही कागद या गोष्टीला आधार देत नाही. तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलेल्या रे समनर यांनीही हा आरोप मान्य केलेला नाही. सांगाडे पाठवले, हे खरं. माणूस मारायला सांगितलं, हे सिद्ध नाही. या दोन वेगळ्या फायली आहेत, एका दोरीने बांधू नका.

दुसरी बाजूही ऐका, म्हणजे वाघीणवाले खूश व्हायचे नाहीत. तिची कीर्ती मुख्यतः तिच्या मुलीने, कारितास बिशॉफने, १९०९ मध्ये लिहिलेल्या चरित्रातून पसरली. त्यात आईची ऑस्ट्रेलियातून आलेली लांबलचक पत्रं आहेत. जर्मनीत पिढ्यानपिढ्या लोकांनी ती वाचली. समनर यांनी दाखवलं की त्यातला बराच मजकूर कार्ल लुमहोल्ट्झ या नॉर्वेजियन निसर्गअभ्यासकाच्या पुस्तकातून उचललेला आहे. तो क्वीन्सलंडला पोहोचला १८८० मध्ये. ही परतली १८७३ मध्ये. काढा हिशोब.

म्हणजे जंगलातली शूर एकटी बाई लेकीने रंगवलेली, आणि बंदुकीवाली राक्षसीण वर्तमानपत्रांनी.

आडवाट

खुनाचं मी लिहिलंच नव्हतं. सांगाडे माझ्यासाठी पुरेसे आहेत.

निवांत

सगळं ठीक, पण पंधरा वर्षांच्या पोरीला मागे ठेवून दहा वर्षं निघून जाणं कुठल्या आईच्या काळजाला जमतं? मला तर तिथेच ती उतरली.

काजवा

कारितासला बापही होता हो.

निवांत

विषय आईचा चाललाय.

काजवा

विषय वनस्पतीसंग्राहकाचा चाललाय. पुरुष संग्राहकांची चरित्रं काढा आणि "मुलं कोणी सांभाळली" हा प्रश्न किती जणांना विचारलाय ते दाखवा. हिने पगार पोरीच्या शिक्षणाला लावला, तरी काळीज हिचंच तपासायचं!

सड्यावरची

इतका वेळ वाद चाललाय आणि झाडांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही म्हणून येते. मी कोकणात वनस्पतिशास्त्र शिकवते.

दमट उष्ण हवेत झाड दाबून बघा एकदा. ओली फांदी टिपकागदात नीट पसरायची, एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचं म्हणजे मागची बाजूही दिसते. वर वजन. रोज कागद बदलायचा, भिजलेले कागद वाळवून पुन्हा वापरायचे. एखाद दिवस आळस केला की बुरशी, पानं काळी, फुलं सांध्यातून सुटलेली. हे तिने क्वीन्सलंडच्या पावसाळ्यात केलं, तेही वर पक्षी सोलणं आणि साप दारूत बुडवणं सांभाळून. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात तिने पाठवलेल्या लाकडाच्या नमुन्यांना पदक मिळालं, ते उगाच नाही.

तिच्या नावाचं एक दवबिंदूचं, म्हणजे किडे पकडून खाणारं, झाडही आहे, ड्रोसेरा डीट्रिखियाना. पुढे अभ्यासकांनी ते ड्रोसेरा बर्मानीतच धरलं, आणि हे बर्मानी आपल्या सड्यांवरही उगवतं. पावसाळा सरताना खाली बसून बघा: रुपयाच्या नाण्याएवढं लालसर चक्र, प्रत्येक पानावर चिकट थेंबांचे केस, त्यात अडकलेलं चिलट. हे दाबायला महाकठीण, पान कागदाला चिकटलं की सोडवताना केस तुटतात. म्हणून म्हणते, तिचं कसब खोटं नव्हतं. पत्रं बनावट निघाली तरी दाबलेलं झाड बनावट निघत नाही.

पण काजवा, तुमच्या बाजूने बोलतेय असं समजू नका. अनोळखी रानात कोणतं झाड कुठे, कधी फुलतं हे तिला कोणी दाखवलं असेल? ज्यांची रानं होती त्यांनी दाखवलं असेल, असं मला वाटतं. चिठ्ठीवर नाव मात्र एकट्या डीट्रिखचं. ज्यांच्याकडून झाडं कळली असतील त्यांचीच हाडं पुढच्या पेटीत. हे मी वर्गात सांगते, आणि कसबही सांगते.

टाचण

+१. फक्त 'कोणी दाखवलं' याला कागदाचा आधार नाही, तो तुमचा तर्क.

सड्यावरची

तर्कच आहे, म्हणून तर "वाटतं" लिहिलंय. मला विचाराल तर वाजवी आहे.

काजवा

बरं, आडवाट, तोडगा. तो मजकूर काही थांबणार नाही, तर शेवटी एक ओळ जोडू: "तिच्या संग्रहात आदिवासींचे अवशेषही होते, ज्याचा आज निषेध होतो." चालेल?

आडवाट

नाही चालणार. "संग्रहात होते" म्हणजे आपोआप येऊन बसले का? "तिने पाठवले" लिहा. आणि शेवटी नको, शेवटची ओळ वाचतंय कोण? "हजारो वनस्पती" जिथे आहे तिथेच, त्याच वाक्यात घाला.

काजवा

मग त्याच वाक्यात "गोडफ्रॉयसाठी" हाही शब्द जाईल.

आडवाट

जाऊ दे. पण वाघीण काढा.

काजवा

वाघीण राहील.