मानपान फक्त साहेबलोकांचा नसतो
कुणीतरी लिहिलंय की अहंकार हा खुर्चीचा आजार, साध्या माणसाला तो परवडतच नाही. मला हे अजिबात पटत नाही.

आमच्या नागपुरात सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभं राहून बघा. मागच्या रविवारी प्लेट यायला दोन मिनिटं उशीर झाला, तर एक गृहस्थ पोरावर खेकसले, "ओळखलं नाही का बे मले?" पोराचा तर्रीचा डाव हवेतच थांबला, लाल तेल बोटांवर ओघळत होतं. सोळा-सतराचं पोर ते, कुठून ओळखणार? मी गप्प राहिलो, ते अजून टोचतं.

आणि घरात? पत्रिकेत नाव काकांच्या खाली छापलं म्हणून आमचे मामा ताईच्या लग्नाला आले नाहीत. मुहूर्त होईपर्यंत आई मांडवाच्या दाराशी उभी होती, हातात त्यांच्यासाठी घेतलेला शेला.

खरं तर आपल्यावर कुणाचं एवढं लक्षच नसतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचे प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्याला वाटलं, जवळपास निम्म्यांनी पाहिलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्या ध्यानात आलं.

पत्रिकेतला तो क्रम आज कुणालाच आठवत नाही. मामांना या दिवाळीत मीच फोन करणार आहे, आईला अजून सांगितलेलं नाही.