दारू पिऊन गाडी चालवल्याचा जुना गुन्हा किती वर्षं मोजायचा?

पांथस्थ
मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ सगळ्यांना ऐकून माहीत आहे. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की ते लागतं. २०१९ च्या दुरुस्तीत दंड वाढला, २ हजारांचा थेट १० हजार झाला, आणि चर्चा तेवढ्यावरच थांबली. पण त्याच दुरुस्तीत काही शब्द वगळले गेले. पूर्वी दुसरा गुन्हा पहिल्यानंतर ३ वर्षांच्या आत घडला, तरच कैदेची मर्यादा ६ महिन्यांवरून २ वर्षांवर जायची. आता मुदतच उरली नाही. बाविसाव्या वर्षी एकदा सापडलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा सापडला, तरी तो 'दुसऱ्यांदा'च. मधली ३३ वर्षं तो नीट वागला, याची कायद्यात कुठेच नोंद नाही.

दक्षिण कोरियात असाच कायदा होता. दोनदा सापडला की कडक शिक्षा, मध्ये किती काळ गेला ते बघायचं नाही. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. नंतर तिथे १० वर्षांची मुदत आली. शिक्षा भोगून झालेल्या गुन्ह्याचा हिशेब कधीतरी मिटला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मेघना
मला हे अजिबात पटलेलं नाही. माझ्या मामेभावाला रात्री कामावरून येताना एका गाडीने उडवलं. तो वाचला, पण पाय कायमचा गेल्यातच जमा आहे. गाडी चालवणारा प्यायलेला होता, आणि त्याआधी पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात त्याच कारणासाठी त्याला दंड झाला होता. तुमची ती जुनी ३ वर्षांची मुदत असती, तर हा माणूस 'पहिल्यांदाच चुकलेला' ठरला असता. माझ्या मामीला हे तुम्ही कसं समजावून सांगाल?

शिवाय दोनदा सापडला म्हणजे दोनदाच प्यायला, असं कोण म्हणेल? नाकाबंदी रोज रात्री प्रत्येक रस्त्यावर नसते.

कोरियाचं उदाहरण इथे लागू होत नाही. त्या कायद्यात किमान शिक्षा होती: कैद दिली तर २ वर्षांपेक्षा कमी देताच येत नव्हती. आपल्याकडे २ वर्षं ही कमाल मर्यादा आहे. ३३ वर्षं सरळ वागलेल्या माणसाला न्यायाधीश नुसता दुसऱ्या वेळचा १५ हजार दंड करून सोडू शकतात, तो अधिकार त्यांच्याकडे आहेच. मग मुदत हवी कशाला?

काळा कोट
मी दंडाधिकारी न्यायालयात रोज उभा राहणारा वकील आहे. मुदतीवर तुम्ही दोघं भांडताय, पण माझ्यासमोर येणाऱ्या प्रकरणांत जुना गुन्हा न्यायाधीशांपर्यंत पोचतच नाही.

कलम १८५ तडजोडीने जागेवर मिटवता येत नाही, कोर्टात यावंच लागतं. आरोपी येतो, 'गुन्हा कबूल' म्हणतो, दंड भरतो, दुपारच्या आत घरी जातो. वाढीव शिक्षा मागायची तर आधीची शिक्षा दोषारोपात लिहावी लागते. ती नाकारली तर आधीच्या निकालाची प्रमाणित प्रत आणावी लागते आणि तो माणूस हाच, हेही सिद्ध करावं लागतं. तेही आत्ताचा गुन्हा शाबीत झाल्यावरच. आधी जुनं पान उघडलं तर न्यायाधीशांचं मन कलुषित होईल, म्हणून कायद्याने हा क्रम ठरवलाय आणि तो योग्यच आहे. पण दुसऱ्या जिल्ह्यातला निकाल मागवणार कोण? हाताशी शंभर प्रकरणं असलेला हवालदार?

मेघनाताई, तुमच्या भावाच्या प्रकरणात दोषारोपपत्रात जुना दंड लिहिलाय का, ते आधी बघा.

पांथस्थ
मेघनाताई, किमान शिक्षेचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. तो फरक मी लिहायला हवा होता. आणि ३ वर्षं फार कमी होती, हेही मान्य.

तरी मुदत असावीच असं वाटतं. इंग्लंडमध्ये पहिल्या वेळी किमान १२ महिने परवाना जातो, १० वर्षांच्या आत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान ३ वर्षं. तुमच्या भावाला धडक देणारा त्यात नक्की बसला असता. सगळं न्यायाधीशांच्या मर्जीवर सोडलं, की एका कोर्टात दंड आणि शेजारच्या कोर्टात कैद, असं होतं.

दूरचा दिवा
मी कलम १८५ खाली दोनदा दोषी ठरलेला माणूस आहे. गेली नऊ वर्षं दारूला हात लावलेला नाही.

पहिल्या वेळी दंड भरला आणि त्याच संध्याकाळी प्यायलो. मला व्यसन आहे का, हे पोलिसांनी, वकिलाने, न्यायाधीशांनी, कुणीही विचारलं नाही. दुसऱ्यांदा सापडलो तेव्हाही कैदेच्या भीतीने मी थांबलो नाही, बायकोने उपचारांना नेलं म्हणून थांबलो. मला शिक्षा झाली याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्यामुळे कुणी मेलं नाही, हे केवळ नशीब.

अमेरिकेत साउथ डकोटा राज्यात २००५ पासून एक पद्धत आहे. वारंवार सापडणाऱ्याला रोज सकाळ-संध्याकाळ श्वासाची तपासणी द्यावी लागते. दारू सापडली की लगेच कोठडी, पण एक-दोन दिवसांचीच. रँड या संस्थेच्या अभ्यासात त्या भागांत पुन्हा पकडले जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. माझ्यासारख्याला दोन वर्षांनंतरच्या निकालापेक्षा उद्या सकाळची तपासणी जास्त कळली असती.

मेघना
दूरचा दिवा, तुम्ही हे उघडपणे लिहिलंत त्याबद्दल आदर आहे. उपचार जरूर द्या, पण त्या काळात परवाना हातात असता कामा नये. दुसऱ्या वेळी परवाना रद्द करण्याची तरतूद कलम १९ मध्ये आहे ना?

वकीलसाहेब, दोषारोपपत्र काढून पाहिलं. जुन्या दंडाबद्दल एक ओळही नाही. आता आम्ही अर्ज करायचा की सरकारी वकिलांनी?

काळा कोट
परवान्याची तरतूद आहे, पण परवाना अधिकाऱ्यालाही पहिली वेळ कळली तरच ती उपयोगी पडते.

अर्ज सरकारी वकिलांमार्फत करा. तुमचा स्वतःचा वकील कोर्टाच्या परवानगीने त्यांना मदत करू शकतो. शिक्षा सुनावली जाईपर्यंत दोषारोपात भर घालता येते, तेव्हा उशीर करू नका. आधीच्या खटल्याचा क्रमांक आणि न्यायालयाचं नाव मिळवा, तिथूनच प्रमाणित प्रत निघेल. एक मात्र आत्ताच सांगतो: गंभीर दुखापतीच्या कलमात 'दुसऱ्यांदा' अशी वेगळी पायरी नाही, ती १८५ मध्ये आहे. तरीही शिक्षेवरच्या युक्तिवादात आणि चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडा अशी मागणी आली, तर ती प्रत न्यायाधीशांसमोर असायलाच हवी.