सिम्युलेटर आणि बिअर, दोन्ही एकाच शनिवारी कसं बसवायचं?

हिप्परगा_अप्रोच:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन म्हणत होतो. मी विजापूर रोडला राहतो, चार वर्षं झाली कॉम्प्युटरवर विमानाचा सिम्युलेटर उडवतोय, आधी मायक्रोसॉफ्टचं २०२० वालं आणि आता २०२४, आणि बिअरची आवड त्याच्याही आधीची, ढोसायची नाही हां, चवीची, कुठली कुठं बनते, कुठल्या पाण्यात बनते हे वाचायला पण तेवढंच आवडतं. आठवडाभर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब, शनिवारी जेवणं उरकली की रात्रीचे दोन-अडीच तास माझे.

गेल्या शनिवारी सोलापूर ते मोपा (गोव्यातला विमानतळ) काढली. ९ जून २०२५ ला आपल्याकडनं गोव्याची फ्लाईट सुरू झाली तेव्हापासनं तीच एटीआर ७२, दोन पंख्यांचं विमान, घेऊन तोच रूट शिकतोय. सरळ रेषेत ३०० किमीच्या आसपास अंतर, पण पावसाळ्यात लाईव्ह वेदर लावलं की घाट ओलांडून खाली उतरताना समोर काही म्हणजे काही दिसत नाही. वर चढताना एक बाटली उघडली होती, अर्धीच झाली होती, आणि फायनलला, म्हणजे रनवेसमोरच्या शेवटच्या टप्प्यात, फ्लॅप (पंखांच्या मागच्या, उतरताना खाली करायच्या पट्ट्या) १५ वरच राहिले, ३० करायचेच विसरलो, स्पीड जास्त, रनवेवर टेकलं आणि उसळलं. तीन संध्याकाळी बसून त्या अप्रोचचा, म्हणजे उतरायच्या वाटेचा, अभ्यास केला होता हो, फार वाईट वाटलं. बिअरचं पण तेच, ती कधी संपली ते कळलंच नाही, चवीकडं लक्षच नव्हतं.

वेगवेगळ्या दिवशी करा असं कुणी म्हणेल, पण माझ्याकडं तेवढा एकच वार आहे आणि मला दोन्हीची गंमत एकत्र पाहिजे. तुमच्यात कोण करतं का असं? कसं करता?

सातरस्ता_टॉवर:

मालक, सोपं आहे, पार्किंग ब्रेक लागला, इंजिनं बंद झाली की बाटली उघडायची, त्याच्या आधी नाही. आपल्याकडं खऱ्या पायलटला ड्युटीच्या आधीचे १२ तास दारू बंद, अमेरिकेत ८ तास, आणि हे उगाच घातलेलं नाही. एका बिअरनं हात कापत नाहीत, पण एका वेळी चार गोष्टी डोक्यात धरायची ताकद पहिल्यांदा जाते, आणि अप्रोचला नेमकं तेच लागतं. तुमचे फ्लॅप राहिले ते त्याच्यामुळंच. मी व्हॅटसिमवर, म्हणजे सिम्युलेटरवाल्यांच्या ऑनलाईन नेटवर्कवर, उडवतो, तिथं कंट्रोलरच्या जागी खरी माणसं बसलेली असतात, आपल्या मागं अजून दोघं लायनीत असतात, त्यांची संध्याकाळ आपण खराब करायची नाही एवढं मी पाळतो.

आणि अजून एक, एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज-हवा देणारं छोटं जादा इंजिन, नसतो हे तुम्हाला माहीत असेलच. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन चालू ठेवून वीज-हवा घेतात, हॉटेल मोड. मी स्टँडवर लागलो की हॉटेल मोडवर सगळी चेकलिस्ट शांतपणे संपवतो, मग ते इंजिन पण बंद करतो, आणि ती शांतता झाली ना की फ्रिजकडं जातो. त्या पहिल्या घोटाची चव मला दुसऱ्या कुठल्याच दिवशी येत नाही.

जाता जाता, मागं आपल्या होटगी रोडच्या विमानतळावर मुंबईहून किंगफिशरचं विमान यायचं, आठवतंय का कुणाला? बिअरचं नाव शेपटीवर घेऊन विमान सोलापुरात उतरलेलं आहे, त्यामुळं तुमची जोडी काय नवीन नाही.

म्युनिकचा_सोलापूरकर:

टॉवर अण्णांशी सहमत, पण माझं म्हणणं असं की बिअरला नुसतं शेवटी ठेवू नका, तिलाच रूट ठरवू द्या. कुठली बिअर प्यायची ते आधी ठरवा आणि ती जिथली आहे तिथं उडत जा.

मी म्युनिकला नोकरीला आहे म्हणून इथलं सांगतो. इथल्या एअरपोर्टला ४००० मीटरचे दोन समांतर रनवे आहेत आणि दोन टर्मिनलच्या मध्ये चक्क बिअर बनवायची भट्टी आहे, एअरब्रॉय नावाची. शेजारी फ्रायझिंग गाव, तिथं वायहेनस्टेफान, जी स्वतःला जगातली सगळ्यात जुनी चालू ब्रुअरी म्हणते, १०४० सालापासून. तिथली गव्हाची बिअर गढूळ असते आणि तिला केळ्याचा, लवंगेचा वास येतो, त्यात केळं-लवंग काही घालत नाहीत, सगळं यीस्टचं काम.

तिथनं सेसना १७२, चार जणांचं छोटं विमान, काढा आणि पिल्सनला जा, चेक रिपब्लिकमध्ये, १८० किमीच्या आसपास आहे, तासाभराचं काम. डॅन्यूब ओलांडली की जंगल सुरू होतं, उजव्या हाताला १४५६ मीटरचा आर्बर डोंगर दिसतो, त्याच्यापासनं लांब राहा. आणि पिल्सन म्हणजे जिथं १८४२ मध्ये योझेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसानं पहिली सोनेरी पिल्सनर बनवली, तिथल्या अगदी मऊ पाण्यात आणि झाटेत्स गावच्या हॉप्सवर (बिअरला कडूपणा देणारी फुलं). आज आपण दुकानातनं जी पिवळी लागर आणतो ती बहुतेक त्याच घराण्यातली. तुमच्याकडं रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इथं साडेपाच असतात, तिरपं ऊन असतं, लाईव्ह टाईमवर उडवलं तर दिवसा उजेडी उतराल.

मालदांडी:

फार छान चाललंय, मी पण भर घालते. माझे मिस्टर उडवतात आणि बिअरची निवड माझ्याकडं असते, त्यामुळं हे आमच्या घरात होतंच.

बाटली हिरवी किंवा पांढरी असेल तर उन्हात ठेवलेली घेऊ नका, उजेडानं हॉप्समधला कडूपणा बिघडतो आणि घाणेरडा वास येतो, तपकिरी बाटली बरी, कॅन सगळ्यात चांगला. गोव्याहून परमिटशिवाय काही आणू नका, आपल्या हद्दीत पकडलं की केस होते. सोबत शेंगाचटणी असेल तर कडू, कडक बिअर नको, तिखट अजून भडकतं, गव्हाची घ्या, ती निभावून नेते. आणि थ्रॉटलजवळ (पॉवर कमी-जास्त करायचा दांडा) ग्लास ठेवूच नका, आमच्याकडं एकदा सांडली तर आतला सेन्सर चिकटला आणि पॉवर आपोआप वरखाली व्हायला लागली, आयसोप्रोपाईल अल्कोहोलनं साफ केल्यावर सुधारलं.

रूटचं म्हणाल तर लागोसला नक्की जा. नायजेरियानं १९८८ मध्ये बाहेरनं येणाऱ्या बार्लीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या मोठ्या मोठ्या ब्रुअऱ्या ज्वारीवर आल्या. ज्वारीवर! मी मंगळवेढ्याची, आमच्या शेतात मालदांडी उभी असते, हे वाचलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी सासऱ्यांना फोन करून सांगितलं. ज्वारीची बिअर मला एकदा तरी चाखायचीय.

हिप्परगा_अप्रोच:

ताई, अण्णा, म्युनिकवाले दादा, मनापासून आभार. ठरलं मग, ह्या शनिवारी म्युनिक ते पिल्सन, सेसना, नऊला टेकऑफ. पिल्सनर आजच फ्रिजमध्ये ठेवली, ग्लास स्वयंपाकघरातच राहील. दादा, डॅन्यूब ओलांडल्यावर किती उंचीवर राहू, साडेपाच हजार फूट पुरेल का?

म्युनिकचा_सोलापूरकर:

आर्बरच फुटात ४८०० च्या जवळ जातो, साडेपाचात मोकळीक राहत नाही. साडेसात हजार घ्या, पूर्वेकडं जाताना विषम हजार अधिक पाचशे हा नियम पण बसतो. पोचलात की फोटो टाका, ग्लासचा पण.