पीएस५ ला जुनी हार्डडिस्क लावू, की एसएसडीच घेऊ?

परभणीकर_गेमर: पहिल्या मॉडेलचा पीएस५ (सोनीचा गेम खेळायचा कन्सोल) सेकंडहँड घेतलाय. नावाला ८२५ जीबी, हाताशी येतात ६६७. पाच-सहा मोठे गेम टाकले की भरलाच. घरी १ टीबीची यूएसबी हार्डडिस्क पडून आहे. चुलतभाऊ म्हणतो तीच लाव, कशाला पैसे घालतोस. शिवाय इथं मे महिन्यात पारा ४३ वर जातो, एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) टिकेल का?

नांदेडचा_रिपेअरवाला: चुलतभावाचं अर्धंच ऐका. आधीच्या पीएस४ कन्सोलचे गेम त्या हार्डडिस्कवरून थेट चालतात. पीएस५ चे तिच्यावर नुसते ठेवता येतात, खेळायचे तर कन्सोलच्या आतल्या एसएसडीवर कॉपी करावे लागतात. गिऱ्हाईक इथंच माझ्याशी भांडतं, की कंपनी मुद्दाम अडवते. तसं नाही हो. पीएस४ ची हार्डडिस्क सेकंदाला ५० ते १०० एमबी वाचायची, पीएस५ ची एसएसडी साडेपाच जीबी वाचते. पीएस५ ची रचना करणाऱ्या मार्क सर्नींनी २०२० मध्येच सांगितलेलं, की हार्डडिस्कवर शोधाशोध टळावी म्हणून काही डेटा चारचारशे वेळा भरून ठेवावा लागायचा. नव्या वेगावर बेतलेला गेम यूएसबीवरून ओढायचा कसा?

तरी ती डिस्क मोडीत काढू नका. १०० जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या नेटवर उतरवायला साडेचार तास लागतात, तेही नेट धड असेल तर. डिस्कवरून आत घ्यायला वीस-पंचवीस मिनिटं. फक्त कॉपी चालू असताना लाईट जाऊ देऊ नका, कन्सोल इन्व्हर्टरवर घ्या.

संभाजीनगर_एक्सबॉक्स: आमच्याकडं मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सला जागा वाढवायला मागं कार्ड खोचलं की झालं, स्क्रूड्रायव्हर नको. पण त्याच कन्सोलसाठी बनवलेलं कार्ड लागतं, बाजारातली कुठलीही एसएसडी चालत नाही. तिथं सोनीवाले सुखी.

परभणीकर_गेमर: दादा, मग लॅपटॉपमधून काढलेली जेन३ एनव्हीएमई (जुन्या, तिसऱ्या पिढीची एसएसडी) बसवली तर? आणि तापण्याचं राहिलंच.

नांदेडचा_रिपेअरवाला: जेन३ घेतच नाही. एम.२ (पट्टीच्या आकाराची) जेन४, म्हणजे चौथ्या पिढीची पाहिजे, वाचण्याचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा वर. तुम्हाला १ टीबी पुष्कळ झाली. हीटसिंक (एसएसडीची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) सोनीनंच सक्तीचा केलाय, मे असो की डिसेंबर. आधीच बसवलेला घ्या. वेगळा घेतलात तर सगळं मिळून जाडी ११.२५ मिमीच्या आत हवी, त्यातही एसएसडीच्या बोर्डाच्या वर ८ मिमीच. ऑनलाइन दिसतात ते उंच पंखेवाले हीटसिंक पीसीसाठी असतात, त्यांनी झाकण लागत नाही. एसएसडी बसवायच्या आधी सिस्टीम अपडेट करा, नंतर चालू केलं की फॉरमॅटचं कन्सोल स्वतःच विचारतो. आणि टीव्हीखालच्या बंद कप्प्यात ठेवला असेल तर आजच बाहेर काढा. परभणीच्या उन्हाळ्यात गरम हवेला जायला वाट लागते.

परभणीकर_गेमर: कप्प्यातच आहे. काढतो. चुलतभावाला हा धागा पाठवलाय.