मदत हवी आहे : दुखऱ्या खांद्यानिशी हंपीला चित्रे काढायला जाण्याबाबत

सप्रेम नमस्कार. मी सांगलीत राहणारी जलरंग चित्रकार असून उजव्या बाजूच्या फ्रोझन शोल्डरमधून (खांदा आखडण्याच्या दुखण्यातून) सध्या सावरत आहे. फिजिओथेरपीमुळे हात कमरेच्या उंचीवर मोकळा चालतो, परंतु खांद्याच्या वर न्यायचा म्हटला की कळ मानेपर्यंत जाते, आणि उभ्या इझलवर (चित्र टेकवण्याच्या घोडीवर) नेमके तेच करावे लागते. डिसेंबरअखेर हंपीला जाऊन विठ्ठल मंदिराचा परिसर आणि तुंगभद्रेकाठचे प्रचंड गोल धोंडे रंगवण्याचा मानस आहे. मिरजेहून हरिप्रिया एक्स्प्रेस थेट हंपीजवळच्या होस्पेटला जात असल्याने प्रवासाची चिंता नाही. चिंता आहे ती सामानाची. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कागद पाण्याने फारसा वाकत नाही म्हणून तोच न्यावासा वाटतो, पण कागद, फळी आणि पाण्याच्या बाटल्या यांचे ओझे एका खांद्याला पेलणार नाही. मांडीवर फळी घेऊन बाहेर काम करणाऱ्यांनी बैठक कशी जमवली आणि कोणते सामान घरीच ठेवले, हे कृपया सविस्तर कळवावे.

घरी सासूबाईंना वेळेवर इन्सुलिन द्यावे लागते, शिवाय मुलीचे दहावीचे वर्ष आहे. यजमान ‘तू निर्धास्त जा’ म्हणतात खरे, मात्र सुई पाहिली की त्यांनाच घाम फुटतो. विश्रामबाग परिसरात सकाळ-संध्याकाळ घरी येऊन इन्सुलिन देणारी, विश्वासू परिचारिका थोड्या दिवसांसाठी मिळू शकेल का, आणि त्यासाठी चौकशी कोठे करावी?